लाईफगार्डसाठीचं 'गर्दी आणि भांडणं' ट्रेनिंग: दोन दिवस करून आले, सविस्तर लिहितेय

पाचपैकी साडेतीन स्टार. पण नुसते स्टार बघून पुढे जाऊ नका, पूर्ण वाचा, कारण या ट्रेनिंगमध्ये जे चांगलं आहे ते खरंच प्रत्येक किनाऱ्यावर पोचायला हवं आणि जे राहून गेलंय ते राहून चालणारं नाही.

आधी मी कोण ते सांगते. मी सहा वर्षं स्वयंसेवक लाईफगार्ड आहे, सुट्टीच्या दिवशी टॉवरवर ड्युटी करते, पगार वगैरे नाही, गळ्यात शिट्टी, हातात रेस्क्यू ट्यूब (बुडणाऱ्याला धरायला द्यायची लांबट, तरंगणारी फोमची पट्टी) आणि समोर पाणी. पोहणं, बुडणाऱ्याला मागून धरणं, सीपीआर, मानेला मार लागलेल्याला बोर्डवर घेणं, हे सगळं आम्हाला शिकवलेलं आहे आणि दर सीझनला परत परीक्षाही द्यावी लागते. पण वाळूवर दोन टोळकी एकमेकांच्या अंगावर धावून गेली, कोणी पिऊन तर्र होऊन लाटांकडे निघाला, कोणी पोहणाऱ्या बायकांचे फोटो काढत फिरतोय, तर लाईफगार्डने नक्की करायचं काय हे मला सहा वर्षांत कोणी बसवून शिकवलं नाही. "समजावून सांगायचं, नाही ऐकलं तर पोलिसांना कळवायचं" एवढं एक वाक्य, बास. म्हणून या दोन दिवसांच्या ट्रेनिंगचं कळल्या कळल्या मी नाव दिलं.

नाव देण्यामागे एक कारण होतं, ते लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. गेल्या सीझनची गोष्ट, दुपारची वेळ, ओहोटी लागलेली, किनारा माणसांनी भरलेला. टॉवरवर आम्ही दोघं, मी आणि माझा जोडीदार. बॉल लागला म्हणून दोन ग्रुपमध्ये बाचाबाची सुरू झाली, बघता बघता धक्काबुक्की, एकाने दुसऱ्याचा टी-शर्ट गळ्याशी धरला, कोणीतरी ओरडलं "अरे लाईफगार्डला बोलवा" आणि आम्ही दोघंही धावलो. दोघंही. कोणी कोणाला विचारलं नाही, काही ठरवलं नाही, पाय आपोआप निघाले. मध्ये पडलो, दोन्हीकडच्यांना लांब केलं, चारपाच मिनिटं गेली असतील, आणि मी वळून बघते तर पोहायची जागा दाखवणाऱ्या झेंड्यांच्या डाव्या बाजूने एक सर्फर एका मुलीला बोर्डवर आडवी घालून बाहेर आणत होता. रिप करंटने, म्हणजे किनाऱ्यापासून आत ओढणाऱ्या जोरदार प्रवाहाने, ओढून नेली होती तिला. वाचली ती, खोकत होती, रडत होती, आम्ही ऑक्सिजन लावला, हॉस्पिटलला पाठवलं. तिची आई माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "तुम्ही कुठे होता?" मला काही बोलता आलं नाही, आणि त्या रात्रीच काय, पुढचे कित्येक दिवस मला नीट झोप लागली नाही.

तर ट्रेनिंग. आयोजकांचं नाव इथे टाकत नाही कारण खाली तक्रारीही आहेत आणि त्या मी त्यांना लेखी कळवल्यात, त्यांनी सुधारणा केली तर आनंदच आहे.

पहिल्या दिवसाची सकाळ जवळजवळ फुकट गेली असं म्हणावं लागेल. अडीच तास स्लाईड. २०२१ साली जगात अंदाजे ३ लाख माणसं बुडून गेली, त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा दिवस म्हणून ठरवला, इंग्लंडकडची लाईफबोटवाली संस्था १८२४ पासून आहे आणि किनाऱ्यावर लाईफगार्ड तिने २००१ पासून नेमायला सुरुवात केली, असं सगळं. माहिती बरोबर आहे, पण समोर बसलेले सगळे टॉवरवर ड्युटी करणारे, त्यांना हे सांगून भांडण कसं सोडवायचं ते कळणार नाही. त्यातली एकच गोष्ट माझ्या मनात राहिली, ऑस्ट्रेलियातल्या बॉन्डाय किनाऱ्याची. ६ फेब्रुवारी १९३८, एकामागोमाग मोठ्या लाटा आल्या आणि शेकडो माणसं एकदम आत ओढली गेली. त्या वेळी क्लबचे स्वयंसेवक शर्यतीसाठी किनाऱ्यावरच जमलेले होते, ते सगळे लगेच पाण्यात उतरले, पाच जण गेले पण बाकी सगळे बाहेर आले. हे ऐकताना माझ्या डोळ्यासमोर आमचा टॉवर आला, आम्ही दोघं पाण्याकडे पाठ करून बॉलच्या भांडणात उभे.

दुपारी मात्र चित्र पालटलं. आणि या दुपारसाठीच मी हे ट्रेनिंग सगळ्यांना करायला सांगेन.

त्यांनी काय केलं, हॉलच्या एका टोकाला दोन माणसं भांडणाचं नाटक करणार, तुम्ही लाईफगार्ड म्हणून जाऊन ते शांत करायचं. आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाच्या भिंतीवर समुद्राचा व्हिडिओ चालू, त्यात लाटांमध्ये आठदहा माणसं पोहतायत. कोणी काही सांगितलं नाही की तो व्हिडिओ कशासाठी लावलाय, आम्हाला वाटलं नुसतंच वातावरण म्हणून. मी गेले, भांडणाऱ्या दोघांना मस्त शांत केलं, आवाज खाली आणला, एकाला बाजूला बसवलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग ट्रेनर सर जवळ आले आणि शांतपणे विचारलं, "पाण्यात किती डोकी आहेत?" मी वळले, मोजली, सात. ते म्हणाले, "तुम्ही सुरू केलंत तेव्हा आठ होती." मग त्यांनी व्हिडिओ मागे नेऊन दाखवला. उजवीकडे मागच्या बाजूला एक मुलगा, तोंड पाण्याच्या रेषेवर, डोकं मागे टाकलेलं, हात दोन्ही बाजूला पाण्यावर दाबल्यासारखे, पाय मारत नाही, हाका नाहीत, हात हलवणं नाही, शिडी चढतोय असं वाटावं तसा उभ्याचा उभा. दोनदा वर आला, तिसऱ्यांदा नाही. पोटात गोळा आला माझ्या.

बुडणारा माणूस ओरडत नाही हे आम्हाला परीक्षेसाठी पाठ असतं. फ्रँक पिया नावाच्या न्यूयॉर्कच्या लाईफगार्डने १९७०च्या दशकात बुडणाऱ्यांचं चित्रण करून हे दाखवून दिलं, की श्वास घ्यायचीच मारामार असते तेव्हा बोलायला हवा उरत नाही आणि हात आपोआप पाणी खाली दाबायला लागतात, आणि अशा अवस्थेत माणूस साधारण २० ते ६० सेकंद वर टिकतो. २० ते ६० सेकंद! आणि भांडण मिटवायला किती वेळ लागतो? त्या हॉलमध्ये सरांनी प्रत्येकाचं स्टॉपवॉच लावलं होतं, सगळ्यात पटकन ज्याने मिटवलं त्याला तीन मिनिटं लागली. हे एवढं एक गणित आम्हा सगळ्यांच्या डोक्यात त्या दुपारी पक्कं बसलं, आणि कुठल्याही स्लाईडने ते बसलं नसतं.

मग त्यांनी पद्धत सांगितली, ती साधी आहे. टॉवरवर दोघं असाल तर एक बोलणारा, एक बघणारा. हे शिफ्ट सुरू होतानाच ठरवायचं, राडा झाल्यावर नाही. बोलणारा खाली उतरण्याआधी बघणाऱ्याला तोंडाने सांगणार, "मी वाळूवर चाललोय, पाणी तुझं", आणि बघणारा तोंडाने उत्तर देणार, "पाणी माझं". हे उत्तर मिळाल्याशिवाय पाय उचलायचा नाही. बघणाऱ्याने भांडणाकडे वळूनसुद्धा बघायचं नाही, मित्र मार खातोय असं वाटलं तरी नाही, वॉकीटॉकीवरून मदत मागवायची पण नजर पाण्यावर. हे ऐकायला सोपं वाटतं, करून बघा, मान आपोआप वळते हो. आमच्या बॅचमध्ये पहिल्या फेरीत एकही जण मान न वळवता राहू शकला नाही.

एकटेच असाल तर? हा प्रश्न मीच विचारला, कारण आमच्याकडे जोडीदार आजारी पडला की एकट्याने ड्युटी होते. उत्तर स्पष्ट मिळालं आणि मला ते पटलं. एकटे असाल तर टॉवर सोडायचा नाही. भोंग्यावरून बोला, शिट्टी मारा, फोन करा, पण खाली उतरू नका. आणि उतरावंच लागलं, म्हणजे कोणी रक्तबंबाळ पडलंय आणि दुसरं कोणी नाही, तर आधी पाणी रिकामं करा. लांब शिट्टी, लाल झेंडे, सगळे बाहेर, आणि मग उतरा. लोक शिव्या घालतील, घालू देत. पाण्यात कोणी नसेल तर तुम्ही पाठ फिरवू शकता, एरवी नाही. माझ्या मते ही गोष्ट प्रत्येक टॉवरच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहून ठेवायला हवी.

शिट्ट्यांची उजळणीही झाली. आम्ही वापरतो तेच, एक छोटी शिट्टी पोहणाऱ्याचं लक्ष वेधायला, दोन छोट्या दुसऱ्या लाईफगार्डचं लक्ष वेधायला, तीन म्हणजे मी रेस्क्यूला निघालोय. सरांचा मुद्दा असा होता की भांडणाऱ्यांवर शिट्टी वाजवू नका. एक तर त्यांना त्याचा राग येतो, कुत्र्याला हाकलल्यासारखं वाटतं, आणि दुसरं म्हणजे पाण्यातल्या माणसांना कळत नाही शिट्टी कोणासाठी आहे. शिट्टी पाण्यासाठी, वाळूसाठी तोंड.

आता बोलायचं कसं. यावर दुसऱ्या दिवसाची सकाळ होती आणि ती मला सगळ्यात जास्त आवडली. एक वयस्कर कलाकार आणले होते, दारू प्यायलेल्या माणसाचं काम इतकं हुबेहूब करत होते की समोर उभं राहिल्यावर खरंच घशाला कोरड पडायची. नाटकात ते लाल झेंड्याच्या पलीकडे पाण्यात निघालेत आणि तुम्ही अडवायचंय. आमच्यातला एक धडधाकट मुलगा गेला, छाती पुढे, बोट वर, "ओ काका, दिसत नाही का लाल झेंडा? बाहेर या चला." काकांनी काय केलं, सरळ चार पावलं अजून आत. बोट दाखवलं की माणूस मागे फिरतच नाही, मागे फिरला तर सगळ्यांसमोर हार मानल्यासारखं होतं ना.

मग ट्रेनरपैकी ज्या ताई होत्या त्या गेल्या. समोर नाही, थोड्या बाजूला, तिरक्या उभ्या राहिल्या, दोन हातांच्या अंतरावर, तळवे मोकळे, आणि आवाज इतका खाली की ऐकायला काकांना थांबावं लागलं. "काका, मी इथली लाईफगार्ड. पाणी कसं वाटतंय?" काका म्हणाले, "मस्त आहे, तुला काय करायचंय?" "काही नाही, आज इथून तीन जणांना ओढलंय पाण्याने म्हणून विचारलं. तुम्हाला पोहता चांगलं येतं वाटतं." "मग! लहानपणापासून पोहतोय." "तेच म्हटलं. काका, पोहायचं तर तिकडे लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये पोहा, नाहीतर थोडा वेळ इथे वाळूवर बसा माझ्याजवळ, मग बघू. काय करायचं सांगा." आणि काका बाहेर आले. नाटक होतं हे मान्य, पण मी हे नंतर खऱ्या किनाऱ्यावर करून बघितलंय, दहापैकी सातआठ वेळा चालतं. दोन पर्याय द्यायचे, दोन्ही आपल्याला चालणारे, आणि निवडू त्याला द्यायचं. इज्जत त्याची त्याच्याकडे राहते. (दारूडा झेंड्यांच्या मध्ये गेला तरी धोका आहेच, म्हणून ताईंनी नंतर सांगितलं की तो पर्याय फक्त पाय बुडतील एवढ्या पाण्यापर्यंत आणि एक नजर त्याच्यावर कायम. माझं वैयक्तिक मत, दारू प्यायलेल्याला पाण्याचा पर्याय देऊच नये, वाळू आणि सावली असे दोनच पर्याय द्यावेत. हे मी तिथेही बोलले.)

अजून काही गोष्टी ज्या मी वहीत लिहून आणल्या: हात लावायचा नाही, खांद्यावर मैत्रीने ठेवलेला हातसुद्धा तापलेल्या डोक्याला धक्का वाटतो. गॉगल काढून बोलायचं, डोळे दिसले की माणूस मवाळ होतो. "शांत व्हा" म्हणायचं नाही, त्याने आजवर कोणी शांत झालेलं नाही, त्यापेक्षा "काय झालं सांगा मला" म्हणायचं आणि खरंच ऐकायचं. दोघं भांडत असतील तर दोघांना एकमेकांचे चेहरे दिसणार नाहीत असं वळवायचं, आणि सगळ्यात जास्त बोलणाऱ्याशी नाही तर त्याच्या बरोबरच्या शहाण्या मित्राशी बोलायचं, प्रत्येक टोळक्यात एक असतोच ज्याला घरी जायचं असतं. हे शेवटचं मला फार उपयोगी पडलं. आणि आपल्या मागे परतायची वाट मोकळी आहे ना ते बघून उभं राहायचं, पाण्याकडे पाठ आणि समोर चिडलेला माणूस असं कधी उभं राहायचं नाही.

एक सेशन मेडिकलचं होतं, तासाभराचंच, खरं तर अर्धा दिवस हवं होतं. मुद्दा असा की जो दारूडा वाटतो तो दारूडा असेलच असं नाही. साखर खाली गेलेला डायबेटिसचा पेशंट अडखळत बोलतो, घाम फुटतो, चिडतो, हात झटकतो, अगदी पिऊन आल्यासारखा. उन्हाचा झटका बसलेला माणूस बरळतो. फिट येऊन गेलेल्याला काही वेळ आपण कुठे आहोत कळत नाही आणि धरायला गेलं की मारतो. डोक्याला बोर्ड लागलेला सर्फर उगाच भांडत सुटतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जो नुकताच पाण्यात गटांगळ्या खाऊन आलाय त्याला ऑक्सिजन कमी पडल्यामुळेसुद्धा तो सैरभैर होऊन "सोडा मला, मी ठीक आहे" करत निघून जायला बघतो, आणि तोच नेमका हॉस्पिटलला पाठवायचा पेशंट असतो. ताई म्हणाल्या की पोलिसांना फोन करायच्या आधी स्वतःला विचारा, हा आजारी असेल तर? मला स्वतःला आठवलं की दोन वर्षांपूर्वी आम्ही एका काकांना बेवडा समजून बराच वेळ लांबून नुसतं बघत बसलो होतो, शेवटी त्यांची बायको पळत आली आणि म्हणाली त्यांना शुगर आहे. साखरेचं पाणी पाजल्यावर दहापंधरा मिनिटांत ते नीट बोलायला लागले. त्या दिवसापासून आमच्या किटमध्ये ग्लुकोज असतं. आणि गिळता येत नसेल, शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, ॲम्ब्युलन्स. हे पण तिथे नीट करून घेतलं.

लाईफगार्डने काय करायचं नाही यावरही स्पष्ट बोलले, त्याचं मला बरं वाटलं, कारण आमच्यातल्या काही जणांना गणवेश घातला की आपण पोलीस झालो असं वाटायला लागतं. बाटली हिसकावून घ्यायची नाही. फोन ओढून फोटो डिलीट करायला लावायचे नाहीत. बॅग तपासायची नाही. कोणाला धरून ठेवायचं नाही. आपण नियम सांगू शकतो, पाणी बंद करू शकतो, माणसांना धोक्यापासून लांब करू शकतो, आणि कळवू शकतो. हत्यार दिसलं, किंवा समोर दहा जण आणि आपण दोन, तर मध्ये जायचंच नाही, बाकीच्या लोकांना लांब करायचं, लहान मुलं आधी, आणि पोलिसांना सांगायला चार गोष्टी डोक्यात ठेवायच्या, किती जण, कपड्यांचे रंग, हातात काय, कुठल्या बाजूला गेले. हे पळपुटेपणा नाही असं सरांनी दोनदा सांगितलं आणि ते सांगणं गरजेचं होतं, तरुण पोरांना ते पटायला जड जातं.

भांडण पाण्यात सरकलं तर काय, हा भाग थोडक्यात आटोपला. दोघं एकमेकांना बुचकळतायत आणि कंबरेच्या वर पाणी आहे, तर आता ते भांडण राहिलं नाही, रेस्क्यू झाला. तरीही दोघांच्या मध्ये शिरायचं नाही, रेस्क्यू ट्यूब आपल्या आणि त्यांच्या मध्ये ठेवायची, ट्यूब पुढे ढकलायची, जो आधी धरेल त्याला आधी बाहेर. सोडवायला म्हणून पाण्यात उड्या टाकणारे मित्र हाच मोठा धोका असतो, वाचवायला गेलेला स्वतःच बुडतो हे वारंवार घडतं, म्हणून बघणाऱ्याचं काम की बाकीच्यांना किनाऱ्यावरच थोपवायचं.

हरवलेल्या मुलाचंही एक छोटं सेशन होतं. आता तुम्ही म्हणाल त्याचा राड्याशी काय संबंध, पण आहे, आई-वडील सैरभैर होतात, आरडाओरडा, गर्दी जमते, कोणावर तरी संशय घेतला जातो आणि मारहाणीपर्यंत जातं. आधी पाणी बघायचं, मग वाळू. भोंग्यावरून मुलाचं नाव आणि वर्णन सांगत सुटायचं नाही, नको त्या माणसाच्या कानावर जायला नको. आणि मूल सापडलं की त्याच्याजवळ दोन लाईफगार्ड, एकटा कधीच नाही. हे मला माहीत होतं, पण नव्या पोरांना माहीत नव्हतं.

आता तक्रारी.

सगळ्यात मोठी तक्रार ही की दोन दिवसांत एकदाही, एकदाही, महिला लाईफगार्डला त्रास देणाऱ्यांचा विषय निघाला नाही. बॅचमध्ये आम्ही नऊ मुली होतो. नऊपैकी एकही अशी नव्हती की जिला टॉवरवर असताना कोणी काही बोललं नाही, फोटो काढला नाही, मुद्दाम बुडायचं नाटक करून अंगचटीला आलं नाही. शेवटचं माझ्या बाबतीत झालंय. मी पाण्यात शिरले, जीव तोडून पोहत त्याच्यापर्यंत पोचले आणि तो हसायला लागला, किनाऱ्यावर त्याचे मित्र व्हिडिओ काढत होते. त्या वेळी मी काय करायचं? रागाने बोलावं तर व्हिडिओ चालूच आहे, गप्प राहावं तर दुसऱ्या दिवशी परत तेच. आणि त्या सगळ्या वेळात माझा भाग कोणी बघत नव्हतं. हा प्रश्न मी विचारला तेव्हा सर म्हणाले "याचं वेगळं सेशन पुढच्या वेळी ठेवू". पुढच्या वेळी नको, ह्याच वेळी हवं होतं. जेवणाच्या सुट्टीत आम्ही मुलींनीच गोल करून बसून आपापसात ठरवलं: असा माणूस भेटला तर त्याला ट्यूब द्यायची, हात नाही. बाहेर आणल्यावर बोलणारी वेगळी असेल, जी आत गेली ती नाही. आणि प्रत्येक वेळी रजिस्टरमध्ये नोंद करायचीच, "किरकोळ" म्हणून सोडायची नाही. तो अर्धा तास मला पूर्ण दोन दिवसांतला सगळ्यात खरा वाटला आणि तो आयोजकांच्या वेळापत्रकात नव्हता.

दुसरं, सगळं हॉलमध्ये. वारा नाही, लाटांचा आवाज नाही, पायाखाली वाळू नाही, डोळ्यावर ऊन नाही. किनाऱ्यावर खालच्या आवाजात बोलायचं तर समोरच्याला ऐकूच जात नाही, वाऱ्याच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं इथपासून विचार करावा लागतो. (मी आता वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभी राहते, आवाज त्याच्याकडे वाहत जातो.) दुसरा दिवस तरी किनाऱ्यावर ठेवायला काय हरकत होती?

तिसरं, मोबाईल. आजकाल भांडण सुरू झालं की सोडवणारे दोन आणि शूट करणारे चाळीस. आपण काय बोललो, कसा हात धरला, सगळं पाच मिनिटांत सगळीकडे. यावर एकच वाक्य मिळालं, "कॅमेरा चालू आहे असं समजूनच वागा". बरोबर आहे, पण अर्धवट आहे. व्हिडिओ पसरल्यावर त्या स्वयंसेवकाच्या पाठीशी कोणी उभं राहायचं, बोलायचं कोणी, त्याने स्वतः उत्तरं द्यायची की नाही, याबद्दल काहीच नाही. पगार न घेता उन्हात उभ्या राहणाऱ्या वीस वर्षांच्या पोराला लोक शिव्या घालतात आणि तो पुढच्या रविवारी येत नाही, असे दोघं जण आम्ही गमावलेत.

चौथं म्हणजे घटनेनंतरचं बोलणं. मारामारी बघितल्यावर, अंगावर कोणी धावून आल्यावर हात थरथरतात, तासभर काही सुचत नाही, आणि आपण तसेच परत टॉवरवर चढतो. अशा माणसाची नजर पाण्यावर असते पण त्याला दिसत काही नसतं. त्याला वीस मिनिटं खाली बसवून दुसऱ्याला वर चढवायचं हे पद्धतीतच असायला हवं. यावर स्लाईड होती, शेवटची, आणि वेळ संपला म्हणून ती पुढे ढकलली. सकाळचे अडीच तास इतिहासात घालवून ही स्लाईड राहते याचं मला मनापासून वाईट वाटलं.

आणि हो, लेखी काहीच देत नाहीत. मी वहीत उतरवलं म्हणून माझ्याकडे आहे, बाकीच्यांनी स्क्रीनचे फोटो काढले. एक खिशात मावेल असं प्लास्टिकचं कार्ड द्या ना, पाण्यात भिजलं तरी चालेल असं.

ट्रेनिंगनंतरचं सांगते म्हणजे तुम्हाला ठरवता येईल. परत आल्यावर आम्ही आमच्या टॉवरवर "पाणी माझं" सुरू केलं. पहिले दोन आठवडे पोरांना ते अवघडल्यासारखं वाटायचं, आता सवय झालीय. गेल्या महिन्यात परत तसंच झालं, चटईच्या जागेवरून दोन कुटुंबं हमरीतुमरीवर आली, एका काकांनी हात उगारला. मी माझ्या जोडीदाराला म्हटलं "मी चालले, पाणी तुझं", तो म्हणाला "पाणी माझं", मी उतरले. तिरकी उभी राहिले, गॉगल काढला, हात उगारलेल्या काकांना सोडून त्यांच्या सुनेशी बोलले, "ताई, काय झालं सांगा मला." ती बिचारी वाटच बघत होती कोणी विचारण्याची. सहा मिनिटं लागली. त्यातल्या चौथ्या मिनिटाला मागून तीन शिट्ट्या ऐकू आल्या. माझा जोडीदार ट्यूब घेऊन पाण्यात शिरला होता, उथळातून एकदम खोलात पाय गेलेला एक शाळकरी मुलगा, जवळजवळ उभाच, तोंड वर, हात बाजूला. मी तिथेच काकांना म्हटलं "मला जावं लागेल", टॉवरवर पळाले, लाल झेंडा वर केला, पाणी रिकामं केलं, आणि मागे वळून बघते तर ते दोन्ही कुटुंबांतले लोक भांडण विसरून पाण्याच्या कडेला उभे होते आणि ज्या काकांनी हात उगारला होता तेच बाकीच्यांना "मागे व्हा, त्यांना जागा द्या" म्हणत होते. मुलगा चालत बाहेर आला. नुसता घाबरला होता, पाणीसुद्धा फार गेलं नव्हतं पोटात.

म्हणून साडेतीन स्टार. त्या एका व्हिडिओच्या खेळाला पाच, काकांच्या नाटकाला पाच, मेडिकलच्या तासाला चार, मुलींच्या प्रश्नाला शून्य.

जायचं असेल तर टॉवरवरच्या जोडीदाराला बरोबर घेऊन जा, एकट्याने शिकून आलात तर परत येऊन दुसऱ्याच्या गळी उतरवायला महिना जातो, माझा गेला. वही न्या. मुली असाल तर पहिल्या सकाळीच, स्लाईड सुरू व्हायच्या आधी, त्रास देणाऱ्यांचं सेशन कधी आहे ते उभं राहून विचारा. आयोजक वाचत असतील तर पुढच्या बॅचला ते सेशन घ्यायला आम्ही नऊ जणी यायला तयार आहोत, तसं पत्रातही लिहिलंय, अजून उत्तर आलेलं नाही. आलं की इथेच खाली टाकेन आणि स्टार वाढवेन.